गाट्यावरचा उलटा डोंगर

१

सोमवारी सकाळी आमच्या गावातला डोंगर उलटा झाला.

खरा डोंगर जागच्या जागी होता. तो अराक्स नदीच्या पलीकडे, काटेरी तारेच्याही पलीकडे, तुर्कस्तानात बसलेला असतो आणि तिथून आमच्या गावावर लक्ष ठेवतो. डोंगर आमचा, पत्ता त्यांचा, अशी ती व्यवस्था आहे. पूर्वी तो आग ओकायचा म्हणतात. आता निवृत्त झालाय आणि जेवण झालं की तोंडावर ढग ओढून झोपतो. त्याला दोन शिखरं: उजवीकडे थोरला मासिस, डावीकडे धाकटा सिस. आमच्याकडच्या लेकराला बापाचं नाव कळायच्या आधी हे कळतं.

उलटा झाला तो वार्दुश आजीच्या गाट्यावरचा डोंगर. गाटा म्हणजे लोणी-साखरेचं सारण भरलेली, ताटाएवढी गोड रोटी. आजीच्या गाट्यावर भाजण्याआधी लाकडी ठसा दाबलेला असतो: वर दोन शिखरं, खाली गावाचं नाव. ठसा आजीच्या आजोबांनी जर्दाळूच्या लाकडात कोरलेला. राजधानीतून, येरेवानहून, लोक डोंगर बघायला येतात, डोंगर ढगात असतो, मग ते गाटा घेऊन त्यावरचा डोंगर बघतात. तो कधीच ढगात नसतो.

त्या दिवशी पहिलं ताट बाहेर आलं आणि दुकानदार बाग्दासार किंचाळला.

"सिस उजवीकडे!"

लोक धावले. दुकानासमोर गर्दी झाली. एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला.

"हा तर पलीकडून दिसणारा डोंगर," बाग्दासार म्हणाला. "तुर्कांच्या खिडकीतला! आपल्या गाट्यावर!"

"खाल्ला तर पाप लागेल का?" कुणीतरी पाद्रीबाबांना विचारलं.

त्यांचं तोंड भरलेलं होतं. ते दुसऱ्या गाट्याची तपासणी करत होते.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तातुल, गावचा पोलीस. नोकरीला लागल्यापासून माझ्याकडे एकाच प्रकारचे गुन्हे आले आहेत: गाय नदी ओलांडून परदेशी जाते. गायीचा जबाब घेता येत नसल्याने मी चौकशीत कच्चा राहिलो आहे. शिवाय माझा जन्म याच गावातला, त्यामुळे गणवेशात असलो तरी सगळे मला तातो म्हणतात आणि माझे कान लहानपणी किती मोठे होते याची आठवण काढतात.

वार्दुश आजी आत गेली, भिंतीवरच्या खिळ्यावरून ठसा काढून आणला आणि माझ्या हातात ठेवला.

"तातो जान, वास घे."

मी वास घेतला. ठशाला चहाचा वास येत होता.

"हा माझा ठसा नाही," आजी म्हणाली. "पहाटे अंधारात दाबला, कळलं नाही. कुणीतरी बदललाय. आणि शनिवारी नाइरीचं लग्न आहे."

लग्नानंतर काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

२

नाइरी ही आजीची नात. तिचं लग्न दूर परदेशातल्या मार्सेय शहरातल्या मुलाशी ठरलं होतं. आमच्याकडे हा ठसा आईकडून मुलीकडे जातो. नाइरीची आई, म्हणजे आजीची लेक, नाइरी लहान असतानाच गेली. जाताना तिने आजीकडून वचन घेतलं होतं की ठसा पोरीला द्यायचा, आणि ठसा एकटा पाठवायचा नाही. म्हणून आजीने जाहीर केलं होतं: ठसा जाईल तिथे मी जाईन. रविवारची दोन तिकिटं काढून झाली होती. नव्या कोऱ्या बॅगेत आजीने आत्तापासून लाटणं भरून ठेवलं होतं.

आजी जाणार म्हणजे गावचा गाटा जाणार. गाटा जाणार म्हणजे येरेवानची माणसं जाणार. उरणार ढगातला डोंगर, आम्ही आणि गाई.

आमच्याकडे उपाशी माणसाची चौकशी करत नाहीत आणि उपाशी पोलिसाला उत्तरं देत नाहीत. आजीने माझ्यापुढे लवाशच्या पातळ रोट्या, चीज, कोथिंबीर, उकडलेली अंडी आणि ताकाचा गडवा मांडला.

"ठसा शेवटचा कधी पाहिलास, आजी?"

"शनिवारी. गाटे झाले, धुतला, खिळ्यावर टांगला. रविवारी कसली भट्टी? वार्दावार होतं."

वार्दावारच्या दिवशी आमच्याकडे जो दिसेल त्याच्यावर पाणी ओततात. लहान-थोर, ओळखीचा-अनोळखी, कुणी सुटत नाही. कालच्या रविवारी पाद्रीबाबा तीनदा भिजले, सरहद्दीच्या पहाऱ्यावरचा एक शिपाई झाडावर चढला तर त्याच्यावर झाडावर पाणी फेकलं, आणि मी गणवेशात कालव्यात पडलो. पडलो असंच मी वरिष्ठांना कळवलं आहे.

"दार उघडं होतं?"

"दाराला कडी आहे का बघ."

कडी नव्हती.

"आजी, कुणावर संशय?"

"सगळ्यांवर. मी जाऊ नये असं सगळ्यांना वाटतं." ती अंडं सोलत राहिली. "गंमत बघ. माझी शुशान आजी जन्मभर म्हणायची, या ठशात चूक आहे. आजोबा चिडायचे. म्हणायचे, दाखव चूक. ती हसायची आणि म्हणायची, तू तुझ्या दारातून बघतोस, तुला नाही दिसणार."

"काय चूक होती?"

"काय माहीत! बायकोला नवऱ्याच्या कामात एक चूक दिसायचीच. मी आजवर शोधतेय, मला नाही सापडली."

दारात नाइरी उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"तातो दादा," ती म्हणाली, "ठसा नाही सापडला तर बरं होईल."

आजीच्या हातातलं अंडं खाली पडलं.

"मार्सेयला आजीला कुणी ओळखत नाही," नाइरी म्हणाली. "तिथे पाचव्या मजल्यावर राहायचंय. तिथून डोंगर दिसत नाही. ती वचनासाठी येतेय. पण ठसा नसेल तर ती म्हणेल मी वचन मोडलं, आणि मग इथेही ती सुखाने राहायची नाही. मला दोन्हीकडून रडायला येतंय."

"मग तू चोरलास का?" मी विचारलं. पोलिसाला विचारावं लागतं.

"चोरला असता तर डोंगर सरळ तरी कोरला असता," ती म्हणाली आणि दार आपटून गेली.

३

बाग्दासारच्या दुकानात मला ठोकळ्यासारखं बास्तुर्मा, म्हणजे मसाला चोपडून वाळवलेलं मांस, आणि काळी कॉफी मिळाली. त्याचा धंदा गाट्यावर चालतो, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर होता. मी सरळ विचारलं.

"बाग्दासार, तू ठसा चोरलास?"

"तोंड सांभाळून बोल, तातो! तुझ्या बापाला मी सायकल शिकवली."

"चोरलास का?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात फक्त त्याची गाय मारुस्या होती. ती परदेशवारी करून आली की काही दिवस तो तिला डोळ्यांसमोर बांधतो.

"चोरायला गेलो होतो," तो कुजबुजला. "काल, वार्दावारला. सकाळी सगळे चौकात भिजायला जमले, तेव्हा मागच्या बाजूने शिरलो. वाटलं, लग्न होईस्तोवर लपवू, विमान चुकलं की सापडला म्हणू. म्हातारी इथेच राहील."

"मग?"

"मग काय! खिळा रिकामा होता." त्याने कॉफीचा घोट घेतला. "मी चोरायच्या आधीच चोरी झाली होती. कसली माणसं आहेत या गावात! कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही."

"मग काल बोंब का नाही मारलीस?"

"काय म्हणून मारू? मी चोरायला आलो आणि मला ठसा दिसेना म्हणून?"

मला त्याचं म्हणणं पटलं. मारुस्याने मान हलवली, बहुधा तिलाही पटलं.

पण आज सकाळी खिळ्यावर ठसा होता. म्हणजे तो काल सकाळी गेला आणि परत आला. नुसता परत आला नाही, वेगळाच होऊन आला.

४

आजीची जुनी वैरीण म्हणजे आरुस्याक काकू. तीही गाटा करते. तिच्या गाट्यावर डोंगर नसतो, काट्याने ओढलेल्या रेघा असतात. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, पण दिवसभर एकमेकींबद्दलच बोलत असतात.

काकूने मला गाटा वाढला. खाल्ल्याशिवाय तिने तोंड उघडलं नाही.

"कसा झालाय?"

"छान."

"तिच्यापेक्षा?"

मी पोलीस आहे, मूर्ख नाही. मी म्हणालो, "वेगळा."

"तुझ्या आईने तुला खोटं बोलायला नीट शिकवलं नाही," काकू म्हणाली. "विचार काय विचारायचं ते."

"काकू, वार्दुश आजी गेली तर तुझाच फायदा."

"फायदा?" काकूने ओट्यावर हात आपटला. पीठ उडालं. "तीस वर्षं मी पहाटे उठते ती का? ती माझ्या आधी उठू नये म्हणून! ती गेली की मी कशाला उठू? माझा गाटा चांगला आहे असं मला कुणापुढे सिद्ध करायचंय, या तुझ्यापुढे? तुला तर मारुस्याच्या पेंडीवर साखर टाकून दिली तरी छान म्हणशील."

"मग चोरी—"

"हो, गेले होते चोरायला! काल संध्याकाळी. सगळे पाय सुकवत बसले होते तेव्हा."

मी ताक मागितलं. या गावात ठसा चोरायला रांग लागली होती आणि मी एकटाच पोलीस असूनही मला कुणी बोलावलं नव्हतं.

"संध्याकाळी खिळ्यावर ठसा होता?"

"होता. काढला. हात लावला तर बोटं काळी झाली! चहाचा भपकारा आला. मला वाटलं, सटवीने त्यावर काहीतरी मंत्र घातलाय माझ्यासाठी. घाबरून परत खिळ्यावर टांगून पळाले." तिने मला बोटं दाखवली. नखांच्या कडा अजून तपकिरी होत्या.

म्हणजे सकाळी खिळा रिकामा, संध्याकाळी नवा ठसा, चहाने रंगवलेला, अजून ओला. एका दिवसात कुणीतरी लाकूड कापलं, कोरलं, जुनं दिसावं म्हणून चहात बुचकळलं आणि परत टांगलं. वार्दावारच्या दिवशी! त्या दिवशी गावात चहाचं पाणीसुद्धा लोकांच्या डोक्यावर जातं.

बाहेर पडताना मला जिल्ह्याच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला.

"तातुल, तुमच्याकडे काय चोरीला गेलंय?"

"साहेब, डोंगर."

पलीकडे साहेबांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पुन्हा त्या गायीचं काही असेल तर," साहेब म्हणाले, "मला सांगू नकोस."

५

मी विचार करायला होवाकिम काकांकडे गेलो. काका थडगी कोरतात. गावातल्या प्रत्येक थडग्यावर त्यांच्या हातचा मासिस आहे; माणूस गेला की त्याचं नाव विचारायच्या आधी काका डोंगर कोरायला घेतात, कारण नाव बदलतं, डोंगर बदलत नाही. लग्न केलं नाही. घर वार्दुश आजीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे. संध्याकाळी ते दारात नार्दीचा पट मांडतात आणि मला फासे टाकायला बसवतात.

कालही बसवलं होतं. मी कालव्यातून निघून ओल्या गणवेशात आलो होतो, दातावर दात आपटत होते. काका नेहमीच्या कोटात बसले होते. त्यांच्या भुवया एरवी दगडाच्या भुकटीने करड्या असतात. काल त्या तांबूस दिसत होत्या. मला वाटलं, सणाला मेंदी लावली असावी. आमच्या गावात म्हातारपणी कुणाला काय सुचेल सांगता येत नाही.

"काका, तुम्हाला कुणावर संशय?"

"तातो, फासे टाक."

मी टाकले. काकांनी माझ्या दोन सोंगट्या मारल्या.

"ज्याने कोरलं त्याला धड कोरता येत नाही," ते पुटपुटले. "डोंगर उलटा कोरतं का कुणी? गाढव असेल."

"चिडताय का?"

"चिडतोय कुठे? डोंगराची अब्रू आहे, म्हणून."

त्यांच्या अंगणात एक मोठा काळा दगड उभा होता, घडवून गुळगुळीत केलेला. वर मासिस आणि सिस. डाव्या अंगाला नाव: होवाकिम. उजवं अंग कोरं.

"हे काय, स्वतःचं करून ठेवलंत?"

"माझ्यानंतर कोण कोरणार? बाग्दासार?"

"पण हा दगड तर दोघांचा आहे. तुम्ही तर लग्नच केलं नाहीत."

काकांनी पटाकडे पाहिलं.

"दगड मोठा निघाला," ते म्हणाले आणि खेळ मधेच बंद केला. आजवर काकांनी जिंकत असलेला खेळ बंद केला नव्हता.

६

मी गावच्या दफनभूमीत जाऊन बसलो. तिथे कुणी मला कान मोठे म्हणत नाही.

ठसा माझ्या खिशात होता. काढून पाहिला. ठशाची गंमत अशी की त्यात सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते पिठावर सुलटं उठतं. नवख्या माणसाला हे माहीत नसतं; त्याने ठसा कोरला तर अक्षरंही उलटी उठतील. पण गाट्यावर गावाचं नाव सुलटं उठलं होतं. ठशावर अक्षरं व्यवस्थित उलटी होती, एक रेघही चुकली नव्हती. डोंगर मात्र ठशावरच सुलटा कोरलेला होता, सिस डावीकडे, मासिस उजवीकडे, म्हणून पिठावर तो उलटा झाला.

म्हणजे कोरणाऱ्याला ठसा कसा कोरतात हे पक्कं माहीत होतं. तरी अर्ध्या ठशात चुकला. असं कोण चुकतं?

मी डोकं वर केलं. माझ्यासमोर गावातले सगळे मेलेले लोक ओळीने उभे होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर सिस डावीकडे, मासिस उजवीकडे. एकाच हातचे. इतके एकसारखे की उचलून एकमेकांवर ठेवता आले असते.

अक्षरं कोरताना त्याने जुना ठसा समोर ठेवला, एकेक अक्षर बघत बघत उतरवलं. मग डोंगर आला. डोंगर कुणी बघून कोरतं का? आमच्याकडे कुठला माणूस मासिस काढायला मूळ नमुना बघतो? नजर वर गेलीही नाही. हात आपला चालला, चाळीस वर्षं चालत आलाय तसा.

आणि वार्दावारच्या संध्याकाळी, पाद्रीबाबांपासून पहाऱ्यावरच्या शिपायापर्यंत सगळं गाव चिंब असताना, एक माणूस कोरडा ठणठणीत बसला होता. भुवयांवर मेंदी नव्हती. जर्दाळूच्या लाकडाचा भुसा तांबूस असतो.

मी उठलो. माझ्या हयातीतलं पहिलं प्रकरण सुटलं होतं, आणि ते सुटू नये असं मला फार वाटत होतं.

७

मंगळवारी सकाळी आजीच्या भट्टीघरात मी सगळ्यांना बोलावलं. बाग्दासार आला, मारुस्याला घेऊन. आरुस्याक काकू आली, दारातच उभी राहिली, कारण तिने या घरात पाऊल न टाकण्याची शपथ घेतली होती. चोरीच्या वेळची गोष्ट वेगळी. होवाकिम काका सगळ्यात मागे उभे होते. पाद्रीबाबा गाट्यांजवळ.

मी सगळं सांगितलं. रिकामा खिळा, चहा, सुलटी अक्षरं, उलटा डोंगर.

"मूर्ख माणूस," बाग्दासार म्हणाला. "पण कोण?"

"परवा वार्दावारला गावात कोरडा कोण होता, आठवा."

सगळे आठवू लागले. एकेक जण आपण कसे भिजलो ते सांगू लागला आणि त्यावरून भांडण सुरू झालं. शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, "होवाकिमवर मी बादली टाकायला गेलो होतो, तर दार बंद होतं."

काका पुढे आले. टोपी हातात होती.

"मीच," ते म्हणाले. "नकली ठसा मार्सेयला जाईल असं वाटलं. खरा मी लपवून ठेवला. वार्दुशला विमानतळावर सांगणार होतो की, बाई, खरा ठसा गावातच आहे, तू कुठे निघालीस?"

"विमानतळावर!" आजी ओरडली. "आणि माझी बॅग?"

"बॅगेचा विचार केला नाही."

"आणि मूळ ठसा कुठाय?" मी विचारलं.

"माझ्या थडग्याच्या मागे. तिथे कुणी बघत नाही. लोकांना माझ्या थडग्याकडे बघायला कसंतरी होतं."

"डोंगर उलटा कसा कोरलास पण?" आरुस्याक काकू दारातून म्हणाली. "आंधळा झालास?"

काका खाली बघत म्हणाले, "काल रात्री झोपताना विचार केला. चूक कळत होती, तरी दुसरा कोरायला घेतला तर हात सिसला उजवीकडे नेईना. तुम्ही माझा हात कापा, पण तो नेणार नाही."

नाइरी धावत गेली आणि मूळ ठसा घेऊन आली. आजीने तो एका हातात घेतला, नकली दुसऱ्या हातात. परातीतल्या पिठाच्या दोन गोळ्यांवर दोन्ही दाबले. एकावर सिस डावीकडे, एकावर सिस उजवीकडे. आजी दुसऱ्याकडे बघत राहिली. इतका वेळ की पाद्रीबाबांनी चघळणं थांबवलं.

"शुशान आजी," ती हळूच म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"ती कुठली होती, बाग्दासार? तुझी पणजी कुठली? आरुस्याक, तुझे लोक कुठून आले?"

आमच्या गावाचं नाव नोर वानिक. नोर म्हणजे नवं. जुनं वानिक नदीच्या पलीकडे होतं. नुसतं नदीच्या नव्हे. डोंगराच्याही पलीकडे, बायाझेदच्या अंगाला. तिथून आमचे पणजोबा-पणज्या जीव घेऊन आले, हे आम्ही दर वर्षी डोक्याला हात लावून सांगतो. पण तिथून डोंगर कसा दिसत असेल याचा विचार आमच्यापैकी एकानेही कधी केला नव्हता.

"आजोबा अलीकडचे," वार्दुश आजी म्हणाली. "त्यांनी त्यांच्या दारातून दिसला तसा कोरला. आणि ती बिचारी जन्मभर म्हणत राहिली की चूक आहे, चूक आहे. तिच्या दारातून सिस उजवीकडे होता!"

बाग्दासारने गाट्याकडे पाहिलं. काल याच गाट्याला तो तुर्कांची खिडकी म्हणाला होता. ती त्याच्या पणजीची खिडकी निघाली. त्याने टोपी काढली. मग काय करावं ते न सुचून त्याने ती मारुस्याच्या शिंगावर ठेवली.

आजीने मूळ ठसा पुसला आणि नाइरीच्या हातात दिला.

"हा तुझा. आजोबांची चूक मार्सेयला जाऊ दे. तिथे कुणाला कळायची नाही."

"पण आजी, तू तर म्हणालीस ठसा जाईल तिथे—"

"म्हणाले ना. तुझ्या आईलाही तेच सांगितलं होतं, ठसा एकटा जाणार नाही. तो कुठे एकटा चाललाय? तू आहेस बरोबर. आणि बरोबर कोरलेला ठसा इथे राहतोय, तर त्याच्याजवळ कुणी नको?"

नाइरी रडू लागली, या वेळी एकाच बाजूने. आरुस्याक काकू शपथ विसरून आत आली आणि लगेच म्हणाली की भट्टीची आच कमी आहे. आजी म्हणाली, तुला कोण विचारतंय. दोघी तीस वर्षांनी पहिल्यांदा एकमेकींशी बोलत होत्या आणि दोघींचे चेहरे उजळले होते.

साहेबांचा पुन्हा फोन आला.

"सापडला का तो तुझा डोंगर?"

"सापडला, साहेब. दोन्ही बाजूंनी."

"गुन्हा नोंदवायचा?"

मी खोलीत पाहिलं. एक चोर, दोन चोरायला गेलेले, आणि पुरावा खाणारे पाद्रीबाबा.

"गाय परत आली, साहेब," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

होवाकिम काका दारापर्यंत पोचले होते. आजीने हाक मारली.

"होवाकिम, ठसा झिजेल. दुसरा करून ठेव. या वेळी डोंगर असाच कोर, तुझ्या हाताला येतो तसा."

"असाच?" काकांनी मान वर केली. "म्हणजे मला काही वेगळं करायला नको?"

"आजवर केलंयस का?"

काका हसले. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. भुवयांवरून भुकटी गळाली.

"आणि तुझ्या अंगणातला दगड," आजी ठशावरचं पीठ झटकत म्हणाली, "रोज सकाळी माझ्या खिडकीतून दिसतो."

काकांचं हसू गेलं. "काढून टाकतो. कापून लहान करतो. उद्याच."

"कापू नकोस." आजीने गाटा भट्टीत सोडला, त्यांच्याकडे न बघता. "पण कोरण्याची घाई करू नकोस."